खलिता आणि वृत्तान्त : संघनित द्रव्यभौतिकीतील संशोधनलेख आणि मराठी गद्य

१

झाशीच्या वेढ्याची हकीकत दोन निरनिराळ्या प्रकारच्या लेखनांतून आपल्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोझ याने शहराला वेढा घातला, ३ एप्रिल रोजी हल्ला चढविला आणि या साऱ्या कारवाईचे अहवाल लष्करी खलित्यांच्या रूपाने वरिष्ठांकडे पाठविले. खलित्यांत तारखा आहेत, तोफांच्या जागा आहेत, मृतांची आणि जखमींची गणती आहे. त्याच दिवसांत विष्णुभट गोडसे वरसईकर हे कोकणातून द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेलेले भिक्षुक शहराच्या आत अडकून पडले होते. त्यांनी जे पाहिले आणि सोसले ते सुमारे पाव शतकानंतर लिहून काढले. चिंतामण विनायक वैद्य यांनी त्यावर बराच संस्कार करून १९०७ मध्ये ते ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केले. आणि त्या संस्काराखाली झाकली गेलेली मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनामुळे १९६६ मध्ये वाचकांपुढे आली. झाशी केव्हा पडली हे खलित्याने सांगितले. झाशी पडली म्हणजे नेमके काय झाले हे भटजींच्या वृत्तान्ताने सांगितले.

हा भेद केवळ इतिहासलेखनापुरता नाही. आधुनिक विज्ञानाचा प्रकाशनव्यवहार समजून घेण्यासही तो उपयोगी पडतो. भौतिकीतील संशोधनलेख हा स्वभावतः खलिता आहे. तो आटोपशीर असतो, त्यावर तारीख असते, तो अधिकारी वाचकासाठी लिहिलेला असतो, आणि लिहिणाऱ्याची शंका, धास्ती, चुकलेली वाट यांना त्यात जागा नसते. भारतीय भाषांतील विज्ञानलेखनाची चर्चा निघाली की बहुधा परिभाषेचाच प्रश्न पुढे येतो. परंतु शब्दांच्या अगोदरचा प्रश्न लेखनप्रकाराचा आहे. मराठीने विज्ञानाचा खलिता लिहावयाचा, की वृत्तान्त? संघनित द्रव्यभौतिकी या शाखेच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे. या शाखेची निवड करण्याचे कारण असे की, गेल्या काही दशकांतील प्रकाशनाच्या सर्वांत चुरशीच्या घटना तिच्या क्षेत्रात घडल्या, आणि त्यांपैकी एक मुंबईत घडली.

२

वायूतील अणू एकमेकांपासून दूर आणि बरेचसे स्वतंत्र असतात. ते जवळ येऊन स्थायू किंवा द्रव बनले की समूहाचे असे काही गुण प्रकट होतात, जे एकट्या अणूत शोधूनही सापडणार नाहीत. पाऱ्याचा एक अणू गोठत नाही की वितळत नाही. गोठणे आणि वितळणे हे समुदायाचे व्यवहार आहेत. चुंबकत्व, विद्युत्‌संवाहकता, स्फटिकांची घडण अशा सामुदायिक गुणांचा अभ्यास ही शाखा करते.

शाखेचे नाव पूर्वी ‘घन अवस्था भौतिकी’ असे होते आणि मराठी विश्वकोशातील नोंदही त्याच नावाने आहे. पण द्रवरूप हीलियमसारखे पदार्थ याच अभ्यासाच्या कक्षेत आल्यावर ते नाव तोकडे पडू लागले. १९६७ मध्ये केंब्रिज येथे फिलिप अँडरसन आणि व्होल्कर हाइने यांनी आपल्या गटाचे नाव बदलले, आणि १९७८ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या संबंधित विभागानेही नवे नाव स्वीकारले. मराठीत त्याला ‘संघनित पदार्थ भौतिकी’ किंवा ‘संघनित द्रव्यभौतिकी’ म्हणतात. ‘द्रव्य’ म्हटले की मराठी कानाला ‘द्रव’ जवळचा वाटतो, आणि गोडसे भटजींच्या पिढीला तर पैसाच आठवला असता. ‘घन’ शब्दाची अडचण याहून मोठी: तो मेघही आहे, गणितातील तिसरा घातही आहे. हिंदीने ‘ठोस’ आणि ‘अतिचालकता’ घेतले; मराठीने ‘घन’ आणि ‘अतिसंवाहकता’ घेतले. तेव्हा नावांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती.

यांपैकी अतिसंवाहकता ही पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. १९११ मध्ये लायडन येथे कामर्लिंग ओन्नेस यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले की, सुमारे ४·२ केल्व्हिन, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअस इतक्या थंडीत पाऱ्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा होतो. १९३३ मध्ये माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखविले की, असा पदार्थ आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्रही बाहेर ढकलतो. रोधाचा लोप आणि चुंबकीय क्षेत्राचे निष्कासन या दोन्ही खुणा पटल्यावाचून अतिसंवाहकतेचा दावा मान्य होत नाही. यातला दुसरा निकष अधिक कठोर आहे. नमुन्यात अतिसंवाहकाचा एखादा अखंड पातळ धागा असला तरी वीज त्यातून निर्वेध वाहते आणि रोध नाहीसा झालेला दिसतो. क्षेत्राच्या निष्कासनाचे प्रमाण पाहिले म्हणजे नमुन्याचा किती भाग खरोखर अतिसंवाहक आहे ते उमगते.

३

‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ हे या क्षेत्रातील अग्रगण्य नियतकालिक. त्याच्या नावातच ‘पत्रे’ आहेत. ‘फिजिकल रिव्ह्यू’ या १८९३ पासून निघणाऱ्या पत्रिकेतील संपादकास आलेल्या पत्रांचा विभाग १९५८ मध्ये वेगळा काढून हे नियतकालिक सुरू झाले. पत्र सुमारे चार पानांचे असावे असा दंडक दीर्घकाळ होता. लेख आला की संपादक तो त्या विषयाच्या जाणकार परीक्षकांकडे पाठवितो. परीक्षकांचे नाव लेखकाला कळत नाही. परीक्षक प्रयोग पुन्हा करून पाहत नाही. दिलेल्या पुराव्यावरून निष्कर्ष निघतो की नाही, पूर्वीच्या कामाचा उल्लेख झाला आहे की नाही, एवढेच तो तपासतो. म्हणजे परीक्षण ही सत्याची हमी नसून दावा ऐकून घेण्याजोगा आहे एवढाच निर्वाळा आहे. खरी कसोटी प्रसिद्धीनंतर, इतर प्रयोगशाळांत लागते. २००२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने नेमलेल्या समितीने तेथील एका तरुण संशोधकाची २४ प्रकरणे तपासली आणि १६ प्रकरणांत गैरवर्तनाचा निष्कर्ष काढला. निरनिराळ्या पदार्थांच्या म्हणून दिलेल्या आलेखांत मोजमापातील आकस्मिक थरथरही तंतोतंत सारखी होती. ते लेख नामांकित पत्रिकांच्या परीक्षणातून पार पडले होते; त्यांना थोपविले ते प्रयोगाची पुनरावृत्ती करू न शकलेल्या आणि आलेख शेजारी ठेवून वाचणाऱ्या वाचकांनी.

लेखाच्या शिरोभागी किंवा तळाशी ‘अमुक दिवशी प्राप्त’ अशी नोंद असते. साहित्याच्या अभ्यासकाला ती कारकुनी वाटेल. परंतु लेखाचा सर्वांत झोंबणारा शब्द तोच असतो, कारण अग्रहक्क त्यावरून ठरतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांना या तारखेचे मोल पुरते ठाऊक होते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात विकीर्ण प्रकाशाच्या वर्णपटातील नव्या रेषा दिसल्या. १६ मार्चला बंगलोर येथे त्यांनी त्यावर व्याख्यान दिले, आणि ते ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ या १९२६ मध्येच सुरू झालेल्या कलकत्त्याच्या पत्रिकेत तातडीने छापवून घेऊन परदेशातील शास्त्रज्ञांकडे रवाना केले. मॉस्को येथे लांड्सबेर्ग आणि मांडेलश्टाम यांना स्फटिकांत तोच परिणाम स्वतंत्रपणे दिसला होता, पण त्यांचे निवेदन मागाहून प्रसिद्ध झाले. १९३० चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. खलिता आधी पोहोचला. येथे हेही ध्यानात घ्यावे की तो भारतीय पत्रिकेत छापला होता, पण इंग्रजीत. पत्रिका कोठली यापेक्षा ती कोणाच्या हाती पडते आणि त्यांना वाचता येते की नाही हे निर्णायक ठरले.

४

खलित्याची भाषा कोरडी असते, पण ती निर्विकार नसते. १९८६ मध्ये झ्यूरिकजवळील आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्त्स आणि म्यूलर यांनी लँथॅनम, बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडात तीस केल्व्हिनच्या वर अतिसंवाहकतेची चिन्हे पाहिली. तोवर तेरा वर्षे २३ केल्व्हिन ही मर्यादा ओलांडली गेली नव्हती. लेख जर्मनीतील ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’ या पत्रिकेत गेला, आणि त्याच्या शीर्षकाचा पहिला शब्द होता ‘संभाव्य’. चुंबकीय निष्कासनाचा पुरावा तेव्हा हाती नव्हता. त्या एका विशेषणाने दाव्याची मर्यादा आखून दिली. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. विशेषणांची उधळण हा ज्या गद्यात गुण मानला जातो, त्याच्या अभ्यासकांनी या एका विशेषणाचा भार जोखून पाहावा.

दुसरे उदाहरण पाठभेदाचे आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये ह्यूस्टनचे पॉल चू, अलाबामाचे एम. के. वू आणि त्यांचे सहकारी यांनी ९३ केल्व्हिनला अतिसंवाहक होणाऱ्या पदार्थाविषयीचे लेख ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’कडे पाठविले. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो; म्हणजे महागड्या हीलियमऐवजी स्वस्त नायट्रोजनने काम भागणार होते. पाठविलेल्या हस्तलिखितात इट्रियम या मूलद्रव्याच्या चिन्हाच्या जागी इटर्बियमचे चिन्ह पडले होते. दोन्ही चिन्हांत रोमन लिपीतील एका अक्षराचा फरक आहे, आणि दोन्ही मूलद्रव्यांना नाव मिळाले ते स्वीडनमधील इटर्बी या एकाच गावावरून. मुद्रिते तपासताना चिन्ह दुरुस्त झाले आणि २ मार्चच्या अंकात बरोबर पाठ छापला गेला. मधल्या काळात इटर्बियमची वार्ता मात्र बाहेर पसरली होती. चू यांनी ती टंकलेखनाची चूक असल्याचे सांगितले. सूत्र फुटू नये म्हणून ते मुद्दाम केले असावे असा तर्क अनेकांनी केला. लेखनिकाचा प्रमाद की हेतुपूर्वक बदल, हा ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांपुढे बसणाऱ्या संपादकाला चिरपरिचित असलेला प्रश्न येथे एका स्फटिकाच्या संदर्भात उभा राहतो. फरक इतकाच की, पोथीतला पाठभेद शतकांनी उकलतो आणि येथला काही दिवसांत. जो चुकीच्या पाठावर विसंबला त्याची भट्टी वाया गेली.

५

मुंबईची घटना याहून शांत आहे, आणि म्हणूनच अधिक बोलकी. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पवईच्या आयआयटीत काही संशोधक इट्रियम, निकेल आणि बोरॉन यांच्या संयुगांचा अभ्यास करीत होते. एका नमुन्यात सुमारे १२ केल्व्हिनला अतिसंवाहकतेची अगदी क्षीण खूण दिसली. निकेल हे चुंबकीय स्वभावाचे मूलद्रव्य, आणि चुंबकत्व हे अतिसंवाहकतेला सामान्यतः मारक. असली क्षीण खूण कोणत्याही नमुन्यात चुकून शिरलेल्या मळाची असू शकते. ती झटकून टाकणे हेच शहाणपणाचे ठरले असते. या गटाने ती झटकली नाही. १९९३ मध्ये ‘सॉलिड स्टेट कम्युनिकेशन्स’मध्ये त्यांनी तिची नोंद प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकात इट्रियम, निकेल आणि बोरॉन ही तीनच नावे होती.

ही अल्पशी अतिसंवाहक प्रावस्था कोणत्या घटकामुळे स्थिरावते याचा माग काढताना कार्बनाकडे लक्ष गेले. मुद्दाम कार्बन घालून मिश्रण वितळविले तेव्हा क्षीण खुणेच्या जागी भरघोस संकेत मिळाला. आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता, बी. डी. पडालिया, आर. विजयराघवन आणि त्यांचे सहकारी यांचे पत्र ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’च्या १० जानेवारी १९९४ च्या अंकात आले. शीर्षकात आता दोन बदल होते: मूलद्रव्यांच्या नावांत कार्बनाची भर पडली होती, आणि अतिसंवाहकतेला ‘समग्र’ या अर्थाचे विशेषण लागले होते. म्हणजे ती आता धाग्यापुरती नसून नमुन्याच्या अंगभूत होती. पहिल्या शीर्षकापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास एका चिन्हाचा आणि एका विशेषणाचा आहे. पण सारा शोध त्या दोहोंतच सामावला आहे.

तीन दिवसांनी, १३ जानेवारीच्या ‘नेचर’मध्ये बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट कावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. त्यात पॅलेडियम असलेल्या मिश्रणात २३ केल्व्हिनला अतिसंवाहकतेची नोंद होती. पुढच्या आठवड्याच्या अंकात त्यांनी याच कुळातील निकेलची संयुगे शुद्ध एकप्रावस्था रूपात सिद्ध केल्याचे नोंदविले; त्यांपैकी ल्यूटेशियमच्या संयुगात अतिसंवाहकता १६ केल्व्हिनच्या वर पोहोचली होती.  एर्बियम, होल्मियम अशा चुंबकीय मूलद्रव्यांच्या संयुगांत अतिसंवाहकता आणि चुंबकीय क्रम एकत्र नांदताना दिसल्याने या कुळाचा अभ्यास जगभर चालू राहिला. मुंबईच्या पत्राची तारीख तीन दिवस आधीची आहे. ती तशी नसती तर कुलाब्यात दिसलेली खूण ही दुसऱ्यांच्या शोधाची एक तळटीप होऊन बसली असती.

या पत्रातून जे गळले ते काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. क्षीण खूण मळाची मानावी की नाही यावर गटात काय बोलणे झाले, कार्बन घालण्यापूर्वी कोणते तर्क फसले, किती नमुने बाद झाले, हे चार पानांच्या पत्रात मावत नाही, आणि मावू नयेच. खलिता ज्या कामासाठी आहे ते त्याने चोख केले.

६

आता भाषेचा प्रश्न. येथे पुन्हा झाशीचेच स्मरण होते. १९०३ मध्ये महावीरप्रसाद द्विवेदी यांनी अलाहाबादच्या ‘सरस्वती’ मासिकाचे संपादकत्व घेतले तेव्हा ते झाशी येथे रेल्वेच्या नोकरीत होते. मराठी त्यांना उत्तम येत होती. आलेला प्रत्येक लेख ते शब्दाशब्दाने दुरुस्त करीत. त्यांच्या हातच्या दुरुस्त्यांसह ती हस्तलिखिते काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने जतन केली आहेत. हिंदी गद्याला विज्ञान, अर्थकारण, इतिहास या विषयांवर बोलते करण्यात या संपादकीय लेखणीचा वाटा मोठा आहे. याच सभेने १९०६ मध्ये वैज्ञानिक परिभाषेचा कोश सिद्ध केला, आणि त्यात अर्थशास्त्राची परिभाषा माधवराव सप्रे या मराठी मातृभाषा असलेल्या हिंदी लेखकाने रचली. पुढे प्रयागच्या विज्ञान परिषदेने १९१५ मध्ये ‘विज्ञान’ मासिक आणि १९५८ मध्ये थेट संशोधनलेखांना वाहिलेली ‘अनुसंधान पत्रिका’ सुरू केली. म्हणजे हिंदीने खलिता लिहून पाहिला आहे, आणि तो लिहिता येतो हे सिद्धही केले आहे.

मराठीची वाट थोडी वेगळी. पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासूनचे. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालील विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. त्या पहिल्याच खंडात ‘अतिसंवाहकता’ ही नोंद येते. पण अकारविल्हे क्रमाची अडचण अशी की जो विषय ‘अ’ने सुरू होतो तो सर्वांत आधी छापला जातो आणि सर्वांत आधी जुना होतो. ताम्र-ऑक्साइडांचा शोध त्यानंतर दहा वर्षांनी लागला आणि मुंबईचा अठरा वर्षांनी.

मराठीत भौतिकीचा खलिता का रुजला नाही याचे कारण शब्दांची उणीव हे नव्हे. खलित्याला असा वाचक लागतो की जो त्याचे खंडन करू शकेल: ज्याच्याजवळ भट्टी आहे, द्रवरूप हीलियम आहे आणि दावा खोटा पाडण्याची ईर्षाही आहे. असे वाचक न्यू जर्सीत, त्सुकुबात, झ्यूरिकात आणि कुलाब्यात विखुरलेले असतात, आणि त्यांची सामाईक भाषा आज इंग्रजी आहे. एके काळी ती मोठ्या प्रमाणात जर्मन होती. १९९२ पासून या शाखेचे पूर्वमुद्रित लेख परीक्षणाची वाट न पाहता सर्वांना खुले होऊ लागले. तेव्हापासून शर्यत महिन्यांवरून दिवसांवर आली. या शर्यतीत मराठीला उतरविणे म्हणजे आपल्या संशोधकाला आपल्याच हाताने उशीर करावयास लावणे होय.

७

यावरून मराठीला विज्ञानात स्थान नाही असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. ह्यू रोझचे खलिते आज इतिहासकार संदर्भासाठी उघडतात; ‘माझा प्रवास’ लोक वाचतात. वेढ्यातली पाण्याची टंचाई, शहराची लूट, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण यांची आठवण मराठीत राहिली ती एका भिक्षुकाने पंचवीस वर्षांनी का होईना, पण आपल्या भाषेत लिहिले म्हणून. विज्ञानातील असा दुसरा पाठ लिहिण्याची भाषा शर्यतीची नसते, ती घराची असते. आणि तो लिहिण्यास उशीर झालेला चालतो, फक्त लिहिणारा आणि त्याची स्मृती शाबूत असावी लागते.

असा वृत्तान्त म्हणजे सुबोध विज्ञान नव्हे. सुबोध लेख सिद्ध झालेले ज्ञान सोपे करून सांगतो; वृत्तान्त ज्ञान सिद्ध होण्यापूर्वीची अवस्था सांगतो. क्षीण खूण दिसली तेव्हा ती खरी वाटली की नाही, हे त्यात येते. ‘संभाव्य’ हा शब्द ठेवावा की काढावा यावर काय वाद झाला, हे येते. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, ज्यांची नावे लेखाच्या शेवटी आभारापुरती येतात किंवा येतही नाहीत, ते त्यात माणसे म्हणून येतात. प्रयोगशाळांतील नोंदवह्या इंग्रजीत असल्या तरी चहाच्या वेळचे बोलणे मराठीत, तमिळमध्ये, बंगालीत, हिंदीत होत असते. तर्क पुष्कळदा त्या बोलण्यात जन्मतो. भारतीय भाषांना विज्ञानाचे जे द्रव्य सहज उपलब्ध आहे ते हेच, आणि ते इंग्रजी खलित्याला पारखे आहे.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांचे काम येथे सुरू होते. हस्तलिखित, मुद्रित आणि दुरुस्त पाठ यांची तुलना करणे, तारखांचा निर्णय लावणे, संपादकाचा हात ओळखणे, ही विद्या त्यांच्यापाशी आहे. पोतदारांनी वैद्यांच्या पाठामागचा गोडसे भटजींचा पाठ वाचकांना मिळवून दिला. तीच दृष्टी १९९३ आणि १९९४ च्या दोन शीर्षकांकडे वळविता येते. झाशीत १९७५ पासून बुंदेलखंड विद्यापीठ आहे. मुंबई-पुण्यात प्रयोगशाळा आणि साहित्यविभाग यांच्यात काही फर्लांगांचे किंवा काही मैलांचेच अंतर आहे. ज्यांनी शोध लावले त्यांच्याकडून त्यांच्या भाषेत वृत्तान्त लिहवून घेणे, नोंदवह्या आणि परीक्षकांशी झालेला पत्रव्यवहार जतन करणे, हे काम कोणत्याही परिभाषाकोशाइतकेच निकडीचे आहे. कोशाला पुढची आवृत्ती काढता येते. न लिहिलेल्या आठवणीची दुसरी आवृत्ती निघत नाही.